पाटाची कुळकथा

राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या भागात कुणालाही पत्ता विचारा, उत्तरात पाट येतोच. पाट ओलांडला की डावीकडं वळा, चारीच्या कडेनं सरळ जा, मोरीपाशी विचारा. जमिनीचा भाव सांगतानाही आधी ती पाटाखालची की पाटावरची हे सांगतात आणि मग आकडा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचा नकाशा या कालव्यांनी आखला आहे. गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी आता शंभरी ओलांडली आहे आणि प्रवरेचे कालवेही त्याच पिढीतले. त्यांची दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं चालते. गाळ निघतो, खचलेले भराव पुन्हा रचले जातात, जुन्या मोऱ्या बदलतात, काही ठिकाणी काँक्रीटचं अस्तर चढतं. अशा वेळी या पाटाचं कूळ ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. तो कशासाठी खणला होता हे माहीत असलं, तरच त्यात दुरुस्त काय करायचं आणि राखायचं काय, हे ठरवता येतं.

या कुळातला एक थोर पूर्वज नगर शहराच्या पूर्वेला, मेहेकरी नदीवर आहे : भातोडीचा तलाव. निजामशाहीत मूर्तजा निजामशहाचा कारभारी असलेल्या सलाबतखानानं तो बांधला, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. डोंगरावरच्या ज्या वास्तूला नगरकर चांदबिबीचा महाल म्हणतात, ती याच सलाबतखानाची कबर. त्याच्या तलावानं पुढं इतिहासात वेगळीच कामगिरी बजावली. १६२४ साली मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून निजामशाहीवर चालून आल्या, तेव्हा मलिक अंबरानं या तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या वाटेवर चिखल केला आणि मग भातवडीची, म्हणजे याच भातोडीची, लढाई जिंकली. शहाजीराजे त्या लढाईत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथंच कामी आले. शाळेत लढाई शिकवतात, तलाव शिकवत नाहीत. पण पाणी अडवायचं कुठं आणि सोडायचं कधी, हे या मुलखाला इंग्रजांच्या आधीपासून कळत होतं, याचा तो धडधडीत पुरावा आहे.

हा तलाव पुढं नादुरुस्त झाला. एकोणिसाव्या शतकात, १८७० च्या दशकाच्या आसपास, इंग्रज सरकारनं तो पुन्हा बांधून काढला आणि त्यावरून शेतीला पाणी दिलं. म्हणजे या जिल्ह्यातल्या सरकारी पाटबंधाऱ्यांच्या सुरुवातीच्या कामांतलं एक काम मुळात दुरुस्तीचंच होतं. त्याच काळात प्रवरेवर लाख आणि ओझर इथं बंधारे घालून कालवे काढले गेले. १८८४ च्या नगर जिल्हा गॅझेटियरात या कामांची नोंद आहे.

या पहिल्या कालव्यांची एक मोठी अडचण होती. नदीत आडवा बंधारा घातला होता, पण मागं साठा नव्हता. पावसाळा संपल्यावर नदीत जे वाहतं तेवढंच कालव्यात यायचं. ज्या वर्षी पाऊस बरा, त्या वर्षी बाजरी-ज्वारीच्या शेतकऱ्याला पाटाचं पाणी नको असायचं. पाणीपट्टी कशाला भरायची? काळ्या रानाला जास्त पाणी मानवतही नाही. ज्या वर्षी पाऊस रुसला, त्या वर्षी सगळे पाटाकडं धावायचे, आणि नेमकी तेव्हाच नदी आटलेली. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानं हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवून दिलं. त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या हातांनी दौंड-मनमाड रेल्वे उभी राहिली आणि ती १८७८ मध्ये सुरू झाली. पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ पडले, तेव्हा सरकारला हलावंच लागलं.

१९०१ ते १९०३ या काळात कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोगानं देशभर पाहणी केली. दख्खनच्या बाबतीत त्यातून निघालेला विचार साधा होता : जिथं हमखास पाऊस पडतो तिथं, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्याशी, पाणी साठवा आणि पर्जन्यछायेतल्या गावांना नेऊन द्या. घाटघर-रतनवाडीकडं पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. नगर शहराच्या वाट्याला जेमतेम पाच-सहाशे. एकाच जिल्ह्यात हे दोन टोकांचे मुलूख आहेत आणि त्यांना जोडणारी प्रवरा आयतीच वाहते आहे.

मग कामं धडाक्यानं सुरू झाली. नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीवर बंधारा बांधला गेला आणि १९०७ ते १९१६ च्या दरम्यान त्याच्या दोन्ही काठांनी कालवे निघाले : डावा सुमारे ९० किलोमीटर, उजवा सुमारे ११०. त्यांना पाणी पुरवायला इगतपुरी तालुक्यात दारणा धरण १९१६ मध्ये पुरं झालं. प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं. चुन्यात बांधलेली ही दगडी भिंत ८२ मीटरांहून उंच आहे. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन धरण. साठा ११ टीएमसी. भंडारदऱ्यातून सोडलेलं पाणी अकोले, संगमनेरवरून नदीच्याच पात्रानं खाली ओझरपर्यंत येतं आणि तिथल्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरतं. साठा वर डोंगरात आणि वळण खाली सपाटीला, अशी ही जोडी आहे.

पाट पाहायला जायचं तर त्याची चाल आधी समजून घ्यावी, म्हणजे पाहण्यात गोडी येते. नदी उतरते भराभर. पाट उतरतो अगदी हळू, कारण त्याला उंची राखायची असते. त्यामुळं बंधाऱ्यापाशी हातात हात घालून निघालेले नदी आणि पाट पुढं एकमेकांपासून दूर जातात आणि मध्ये जो पट्टा सापडतो तेच भिजक्षेत्र. पाट सरळ जात नाही. जमिनीचा उतार जसा वळेल तसा वळतो. आडवा ओढा आला की त्याच्यावरून पाट पलीकडं न्यायला दगडी कमानींचा जलसेतू बांधलेला असतो, नाहीतर ओढ्यालाच पाटाखालून मोरीतून वाट दिलेली असते. उतार फार झाला की मध्येच पायरी सोडून पाणी खाली घेतात आणि तिथं छोटा धबधबा होतो. जुन्या कामातला एखादा पूल जवळून पाहा. काळे घडीव दगड, चुन्याचे सांधे, पाण्याची धार झेलायला पुढं निमुळता केलेला खांब. शंभर पावसाळे आणि कित्येक आवर्तनं अंगावर घेऊनही कमानीतला मधला दगड जागचा हललेला नसतो. गडकोटांच्या बांधणीचं आपण कौतुक करतो, ते योग्यच. तेवढंच कौतुक या अनाम पाथरवटांच्या वाट्याला यायला हवं. त्यांची नावं कुठल्या कोनशिलेवर नाहीत.

आता या कुळकथेतला मोठा फेरा. दुष्काळात बाजरी वाचावी म्हणून खणलेले कालवे उसानं सांभाळले. पाऊसकाळ चांगला असेल तेव्हा पाणी विकत घेणारं गिऱ्हाईक हवं होतं आणि बारा महिने पाणी पिणारा ऊस हेच ते गिऱ्हाईक. नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॉक पद्धत घातली : गटानं पाणी मंजूर करायचं, त्यातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस, बाकीत दुसरी पिकं. बारमाही पाणी मिळतंय म्हटल्यावर पुणे जिल्ह्यातल्या सासवडचे माळी बागाइतदार नव्या पाटांवर आले, जमिनी खंडानं घेऊन ऊस लावला, गुऱ्हाळं पेटवली. त्यांच्या मागोमाग कंपन्या आल्या. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आला. टिळकनगरला डहाणूकरांचा. कोपरगावजवळ साकरवाडीला सोमय्यांचा. बेलापूर रेल्वे स्थानकाभोवती पेठ वाढत गेली आणि तिचं श्रीरामपूर झालं.

या भरभराटीत ज्यांच्या जमिनी कंपन्यांकडं खंडानं गेल्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांची कथा वेगळी आणि दुखरी आहे. सीलिंग कायद्यानंतर त्या जमिनी कंपन्यांकडून निघाल्या, पण घरी आल्या नाहीत. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडं गेल्या. त्या परत मिळवायला दोन-दोन पिढ्यांनी मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि कित्येक मूळ मालकांनी त्याच वाटेवर डोळे मिटले. पाटाच्या पाण्याचं गुणगान गाताना हे वगळून चालणार नाही.

गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्याची रीतसर पाहणी केली आणि १९४८ मध्ये तिचा अहवाल छापला. पाण्यानं शेतकऱ्याच्या हाती काय पडतं, मजुराच्या हाती काय पडतं, बाजारपेठेला काय मिळतं, याचा असा हिशेब भारतात तोवर फारसा कुणी मांडला नव्हता. त्यानंतर विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. त्याचे अध्यक्ष गाडगीळच होते. ज्या माणसानं पाटाचा हिशेब मांडला, तोच पाटाखालच्या शेतकऱ्यांच्या कारखान्याचा कारभार पाहायला येऊन बसला. या कुळकथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

पण जास्त पाण्यानं रानंही बिघडली. पाटाचा पाझर आणि उसाचं पाणी मिळून खोलगट जमिनी चिबड झाल्या, वर पांढरी खार फुटली. १९२० च्या दशकातच इंग्लिस आणि गोखले या अभियंत्यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या या रोगावर काम केलं आणि उघडे चर खणून साचलेलं पाणी काढून देण्याचा उपाय सांगितला. ते चर आजही दिसतात, बहुतेक बुजत आलेले. माझ्या मते पाटाच्या दुरुस्तीत या चरांना पाटाइतकाच मान हवा. पाणी आणणारी वाट दुरुस्त केली आणि पाणी नेणारी तुंबलेली ठेवली, तर चिबड वाढतच राहणार.

अस्तरीकरणाचंही तसंच. मातीचा पाट वाटेत पुष्कळ पाणी गमावतो, म्हणून टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना अस्तर हवं असतं. पण पाटाशेजारच्या विहिरी त्याच पाझरावर भरतात, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला अस्तराची धास्ती वाटते. दोघांचंही खरं आहे. जिथं पाझरानं रानं चिबड होतात तिथं अस्तर आधी करावं, जिथं तो पाझर विहिरी जगवतो तिथं शेजारच्या शेतकऱ्याशी बसून बोलावं. ही वाटणी गावागणिक वेगळी निघेल आणि ती निविदेच्या एका ओळीत बसणार नाही. आणि जुन्या दगडी कमानी शक्य तिथं चुन्यानंच दुरुस्त व्हाव्यात. सिमेंटचा गिलावा चोपडला की दगडाआत ओल कोंडते आणि शंभर वर्षं टिकलेला सांधा आतून कुजायला लागतो. धरणाचीही अशी डागडुजी झाली आहे : १९६९ साली भंडारदऱ्याच्या भिंतीतून गळती दिसली, तेव्हा भिंतीच्या पाठीला धिरे बांधून ती बळकट केली. खालून पाहिलं की ते धिरे आजही नजरेत भरतात आणि धरणाचा जुनेपणा त्यांनी लपत नाही. दुरुस्ती असावी तर अशी, उघड आणि मूळ कामाला धरून.

दरम्यान या घराण्याला नवा कोंबही फुटला आहे. प्रवरेवरच्या निळवंडे धरणाची कल्पना १९७० ची, त्याच्या डाव्या कालव्यात पाणी आलं २०२३ मध्ये. जुन्या पाटाच्या वरच्या अंगाला राहिलेल्या, अर्धशतक वाट पाहिलेल्या गावांना ते पोचलं. पहिलं पाणी आलं तेव्हा लोकांनी त्याची पूजा केली.

पाहायला कुठं जायचं? सुरुवात नांदूर मध्यमेश्वरपासून करावी. बंधाऱ्यामागं गाळ साचत गेला आणि त्या उथळ पाण्यावर पक्ष्यांनी वस्ती केली. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. थंडीत पहाटे जा. मग उजव्या कालव्याच्या कडेनं राहात्याकडं या. शिर्डी याच कालव्याच्या मुलखात आहे आणि दर्शनाला येणाऱ्या लाखो माणसांपैकी फार थोडी इकडं वळतात. दुसऱ्या दिवशी संगमनेरवरून ओझरचा बंधारा, आणि वेळ असेल तर वर भंडारदरा. भरावावरून चालायचं तर पाटकऱ्याला सांगून चाला. तो माणूस जुना असेल तर कुठली मोरी कुणाच्या आजोबांनी मागून घेतली, कुठं पाण्यावरून डोकी फुटली, पाणी मागणीच्या सात नंबरच्या अर्जावर कोण कसं पाणी घेतं, सगळं सांगेल. पाणी चालू असताना काठावर बसून पाय सोडू नका. शेवाळलेल्या दगडावर धड उभं राहता येत नाही आणि वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते. लेकरांचा हात सोडू नका.

आणि एकदा टेलला जाऊन या. प्रवरेचा पाट नेवाशाकडं जातो तिथं रुंदी आटत जाते, चाऱ्या अरुंद होतात. पाळी शेपटाकडून द्यायची असा नियम आहे आणि तो मोडला की पहिला फटका इथं बसतो. उन्हाळी आवर्तनाची तारीख कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते आणि पेपरात येते. ती पाहून निघा, पण पाणी सुटलं त्या दिवशी जाऊ नका. इथवर यायला त्याला वेळ लागतो. चार-सहा दिवसांनी जा आणि चारीत किती पाणी आहे ते स्वतः पाहा.