सरासरी पाऊस ठरतो कसा? फुलंब्रीच्या पर्जन्यमापकापासून पुण्याच्या ‘सिमला ऑफिस’पर्यंत

विशेष प्रतिनिधी

फुलंब्री तालुक्यात एखाद्या वर्षी सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे. पडलेला पाऊस मोजायचा, सरासरीने भागायचे, शंभराने गुणायचे, उत्तर तयार. मात्र यातील ‘सरासरी’ हा शब्द जितका परिचयाचा, तितकाच फसवा आहे. ती कोणत्या वर्षांची, कोणत्या केंद्राची, कोणी जपलेल्या नोंदींवरून आणि कोणत्या संगणकीय आज्ञावलीने काढलेली, हे ठरल्याशिवाय तिला अर्थ प्राप्त होत नाही. आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार, हे अनेकदा तिच्यावरच अवलंबून असते.

राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली, तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस, असा निकष लावला होता. निकषात बसणाऱ्या मंडळाला जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी असे लाभ मिळतात. ७४ टक्के आणि ७६ टक्के यांतील फरक ढगांच्या दृष्टीने नगण्य असेल. मका, कापूस आणि अद्रक घेणाऱ्या फुलंब्रीसारख्या तालुक्यात तो नगण्य नाही. अतिवृष्टीचेही तसेच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तरच तेथे अतिवृष्टी झाली असे मानले जाते.

हा पाऊस मोजला कसा जातो, ते आधी पाहू. भारतात पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, तो सकाळी साडेआठला संपतो. साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजतात आणि मागील चोवीस तासांचा सगळा पाऊस त्या दिवसाच्या तारखेवर टाकतात. म्हणजे सोमवारी दुपारी कोसळलेली सर दप्तरात मंगळवारच्या नावावर जमा होते. उपग्रहाची आकडेवारी बहुधा ग्रिनिच वेळेनुसार दिवस मोजते. हे ध्यानात न घेता दोन्ही एकत्र करणाऱ्या आज्ञावलीत पाऊस एक दिवस पुढे किंवा मागे सरकतो, आणि संशोधकाला मापकच चुकीचा वाटू लागतो.

जुन्या नोंदी इंच आणि सेंटमध्ये असत. इंचाचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. ‘पावसाळी दिवस’ म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पावसाचा दिवस, ही आजची व्याख्या दहा सेंटच्या जुन्या मर्यादेचेच दशमान रूप आहे. मराठवाड्यात आणखी एक गुंतागुंत आहे. निजाम राजवटीतील महसुली कागदपत्रे उर्दूत आणि फसली सनात आहेत. जुन्या दप्तरातून पीक-पाण्याचा संदर्भ शोधणाऱ्याला लिपी आणि पंचांग या दोन्ही भिंती ओलांडाव्या लागतात.

फुलंब्री हा स्वतंत्र तालुका झाला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. त्यामुळे तालुक्याच्या नावाने सलग मिळणारी आकडेवारी त्याआधीची असू शकत नाही. त्यापूर्वीचा पाऊस शेजारच्या जुन्या तालुक्यांच्या नोंदींत शोधावा लागतो. जालना जिल्हा १९८१ मध्ये औरंगाबादपासून वेगळा झाला आणि औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. माणसाला हे बदल कळतात. संगणकाला मात्र ‘औरंगाबाद’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ हे दोन भिन्न जिल्हे वाटतात, आणि कोणी सांगितले नाही तर तो एकाची मालिका २०२३ मध्ये संपवून दुसऱ्याची तेथून सुरू करतो.

देशभरातील या नोंदींचे माहेरघर पुण्यात आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्याला गेले, १९२८ मध्ये पुण्यात आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला हलले. शिवाजीनगरच्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. बसथांब्याचे नावही तेच. मुख्यालय गेले, पण हवामानाच्या जुन्या नोंदी सांभाळणारे राष्ट्रीय विदा केंद्र पुण्यातच राहिले. पुण्यातच १९६२ मध्ये सुरू झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०६ केंद्रांच्या आधारे १८७१ पासूनची मोसमी पावसाची मालिका सिद्ध केली. पुढे हवामान विभागातील डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून १९०१ पासूनचा दैनंदिन पाऊस चौकटींत मांडला. संपूर्ण भारतावर पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटर बाजूची जाळी टाकायची आणि प्रत्येक बिंदूवरचा पाऊस भोवतालच्या केंद्रांवरून ठरवायचा, अशी ही पद्धत. जवळच्या केंद्राला अधिक वजन, दूरच्याला कमी. फुलंब्री तालुका अशा मोजक्याच चौकटींत बसतो.

ही आकडेवारी ज्या द्विमान फाइलमध्ये मिळते, ती जतनाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. एका दिवसासाठी १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ आकडे एकापाठोपाठ एक रचलेले असतात. त्यात शीर्षक नाही, तारीख नाही, एककही नाही. सोबतची छोटी वर्णन-फाइल हरवली, तर उरतो तो केवळ अंकांचा ढिगारा. जेथे नोंद नाही तेथे ‘उणे ९९९’ लिहिलेले असते. नवख्या प्रोग्रामरने हा संकेत न वाचता सरासरी काढली, तर पाऊस शून्याच्याही खाली जातो. ती चूक निदान उघड दिसते. खरी भीती असते ती ‘नोंद नाही’च्या जागी कोणीतरी ‘शून्य’ लिहिण्याची. पाऊस न पडणे आणि पाऊस न मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; एकदा दोन्हींसाठी शून्य लिहिले गेले की त्या पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत.

कार्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सेलच्याही मर्यादा आहेत. त्याच्या जुन्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. एका केंद्राच्या १२५ वर्षांच्या दैनंदिन नोंदी सुमारे ४५ हजार ६०० होतात. दुसरे केंद्र त्याखाली जोडले की पान संपते. इंग्लंडमध्ये २०२० मध्ये कोरोना रुग्णांच्या सुमारे १६ हजार नोंदी याच मर्यादेमुळे अहवालातून गळाल्या होत्या. शिवाय एक्सेल १ जानेवारी १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही. म्हणजे १८९९ चा मोसमी पाऊस दगा देऊन गेला आणि भीषण दुष्काळ पडला, तो पावसाळाच त्याच्या कालगणनेबाहेर राहतो.

मराठी मजकुराची कथा याहून निराळी नाही. युनिकोड रुजण्यापूर्वी शासकीय टिपणे आणि वृत्तपत्रांची संकेतस्थळे ज्याच्या-त्याच्या फाँटमध्ये असत. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांतील मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला, की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले खरे, परंतु ते सार्वत्रिक झाले नाही. एखाद्या तहसील कार्यालयातील त्या काळातील पावसाचे टिपण आज फाइल म्हणून शाबूत असू शकते, आणि तरीही वाचता येत नाही. कागदाला निदान वाळवी लागलेली दिसते.

हे सारे दप्तरी तपशील वाटतील. प्रत्यक्षात हवामानबदलावरील मोठा शास्त्रीय वाद याच तपशिलांवर उभा आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. एकूण सरासरी मात्र जवळपास तीच राहिली. त्यांनी ‘मध्य भारत’ म्हणून घेतलेल्या पट्ट्यात फुलंब्रीही येते. आयआयटी मुंबईचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अधिक बारीक पातळीवर पाहून सांगितले, की देशभर एकसारखा कल दिसत नाही, ठिकाणाठिकाणांतील तफावत मात्र वाढते आहे. पुण्याच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यानंतर २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील मरेना लिन आणि पीटर ह्यूबर्स यांनी मूळ नोंदींकडे बोट दाखवले. नोंद पाठवणारी केंद्रे काळानुसार बदलत गेली असतील, तर त्या बदलाचाच ठसा कलावर उमटू शकतो, असे त्यांचे म्हणणे.

समजा, एका चौकटीतील एकमेव केंद्राने नोंद पाठवणे बंद केले. आज्ञावली थांबत नाही, ती शेजारच्या केंद्रांवरून आकडा भरते. ढगफुटीसारखा पाऊस दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात पडतो. शेजाऱ्यांच्या सरासरीत तो विरून जातो. काही वर्षांनी तेथे पुन्हा केंद्र सुरू झाले, की अतिवृष्टी ‘वाढल्यासारखी’ दिसते. याचा अर्थ हवामानबदल खोटा, असा मुळीच नव्हे. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता दर अंशामागे सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हे भौतिकशास्त्र कोणत्याही मापकावर अवलंबून नाही. वाद आहे तो वाढ किती आणि कुठे, याचा. त्याचा निवाडा जुन्या नोंदींशिवाय होणार नाही.

नोंदींचे असे दुखणे सर्वत्र आहे. ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामान संशोधन केंद्राचे ई-मेल नोव्हेंबर २००९ मध्ये चोरीला जाऊन उघड झाले. त्यात एका प्रोग्रामरची जुनी आज्ञावली आणि विस्कळीत फाइली यांच्याशी झटापट करतानाची लांबलचक टिपणेही होती. मूळ स्रोतांच्या काही नोंदी १९८० च्या दशकात साठवणुकीच्या अडचणीमुळे ठेवता आल्या नाहीत, केवळ दुरुस्त केलेली मालिका राहिली, असे केंद्राने सांगितले. २०१० मधील चौकश्यांत शास्त्रीय लबाडी आढळली नाही. माहिती खुली करण्याबाबतच्या अनास्थेवर मात्र ताशेरे ओढले गेले. त्याच सुमारास काही हौशी प्रोग्रामरांनी ‘नासा’ची जागतिक तापमान काढणारी जुनी आज्ञावली पायथॉन भाषेत नव्याने लिहून पाहिली आणि निष्कर्ष तोच आला. तज्ज्ञांच्या शपथांपेक्षा असा पडताळा अधिक कामाचा.

दुसरे उदाहरण अधिक सुखद आहे. रीडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटनमधील पावसाच्या हस्तलिखित नोंदींची ६५ हजारांहून अधिक पाने नागरिकांपुढे ठेवली. सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी ५२ लाखांहून अधिक आकडे सोळा दिवसांत उतरवले. एकच आकडा अनेकांकडून टंकित करून घेऊन चुका गाळण्यात आल्या. मोडी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही दप्तरांचा वारसा असलेल्या महाराष्ट्राला ही पद्धत परवडण्यासारखी आहे.

एकदा काढलेली सरासरीही कायम राहत नाही. हवामान विभागाने एप्रिल २०२२ मध्ये देशाची मोसमी सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटर केली, कारण आधारकाळ १९६१-२०१० ऐवजी १९७१-२०२० घेतला. पाऊस तेवढाच, पण टक्केवारी वाढली. मराठवाड्याच्या बाबतीत ७७९ आणि ६७९.५ मिलिमीटर असे दोन्ही आकडे वेगवेगळ्या वर्षांच्या बातम्यांत सरासरी म्हणून छापून आले आहेत. दोन वर्षांच्या टक्केवारीची तुलना करणाऱ्याने भाजक तोच आहे ना, हे आधी पाहावे.

फुलंब्री, आळंद, पीरबावडा, वडोद बाजार यांसारख्या मंडळांतील पाऊस आता स्वयंचलित केंद्रे मोजतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पात शासन आणि स्कायमेट कंपनी यांच्या भागीदारीतून राज्यातील २,०६५ महसुली मंडळांत अशी केंद्रे उभी राहिली. त्यांत चिमुकली पात्री पाण्याने भरली की कलंडते आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. नळीत पाला किंवा धूळ अडकली, की मुसळधार पावसातही पात्री हलत नाही आणि कागदावर कोरडा दिवस उमटतो. केंद्र मंडळाच्या एका टोकाला आणि पाऊस दुसऱ्या टोकाला, ही शेतकऱ्यांची तक्रार तर जुनीच आहे. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ या २०२३ मधील उपक्रमात त्यामुळे ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापन नेण्याची योजना आहे.

गावोगावचे हे मापक आले तरी त्यांच्याजवळ स्वतःची सरासरी नसेल. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार ‘सामान्य’ मान काढण्यासाठी सलग तीस वर्षांच्या नोंदी लागतात. २०२६ मध्ये बसवलेल्या मापकाला आपले सामान्य मान २०५६ मध्ये मिळेल. तोपर्यंत त्याच्या पावसाची टक्केवारी जुन्या, दूरच्या आणि जेवढ्या जपल्या गेल्या तेवढ्याच नोंदींवरून काढली जाईल.