विंडोज अपग्रेड, जुन्या डेस्कटॉपवरील : अडथळे व निदान

संगणकातील फायली, प्रोग्रॅम आणि सेटिंग जागच्या जागी राखून विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर नवी आवृत्ती चढवण्याची क्रिया. डिस्क पुसून कोरे विंडोज टाकणे, म्हणजे दुकानदारांच्या बोलीत ‘फॉरमॅट मारणे’, हे निराळे काम होय. विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि घरांत, दुकानांत, शाळांत अजून ठणठणीत चालणाऱ्या असंख्य जुन्या डेस्कटॉपांपुढे विंडोज ११चा प्रश्न उभा राहिला. या नोंदीचा रोख त्याच अपग्रेडवर आहे.

‘अपग्रेड होत नाही’ या एकाच तक्रारीखाली तीन गोष्टी दडलेल्या असतात. यंत्राला झेपण्यासारखे असते, पण नियम आडवा येतो. यंत्राला ते मुळात झेपतच नाही. किंवा नियम आणि ताकद दोन्ही असून काम अर्ध्यावर मोडते. निदान करायचे ते तिसऱ्या प्रकारात. पहिल्या दोहोंत फक्त निर्णय घ्यायचा असतो, आणि तो न घेता लोक सेटअप पुन्हा पुन्हा चालवत बसतात.

नियमाची आडकाठी : विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आले. ४ जीबी रॅम, ६४ जीबीची डिस्क, दोन कोअरचा ६४-बिट प्रोसेसर या त्याच्या अटी २०१२ सालचा डेस्कटॉपही पुऱ्या करतो. अडते ते टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक, सिक्युअर बूट आणि मान्य प्रोसेसरांच्या यादीवर. ही यादी इंटेलच्या बाबतीत साधारणपणे २०१७च्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून सुरू होते. परिणामी सहाव्या पिढीचा, १६ जीबी रॅमचा आय७ बाहेर राहतो आणि त्याच्याहून कितीतरी मंद, पण नंतर आलेला सेलेरॉन आत जातो. या निवाड्याला सुरक्षेचे कारण दिले जाते. ते खोटे नाही, पण चांगल्या यंत्रांच्या मालकांचे त्याने समाधान होत नाही, हेही खरे.

टीपीएम नाही असा शेरा आला तरी तो अंतिम समजू नये. जुळवलेल्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर वेगळी चिप नसली तरी फर्मवेअरमधील टीपीएम पुष्कळदा असते. इंटेलच्या बोर्डावर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने बायोसच्या कोपऱ्यात बंद अवस्थेत पडलेले सापडते. ते चालू करणे एका कळीचे काम आहे.

सिक्युअर बूटचे तसे नाही. इथे क्रम चुकला की यंत्र सुरूच होत नाही. विंडोज ७च्या काळात बसवलेल्या डिस्कवर बहुधा एमबीआर पद्धतीची पार्टिशन-नोंद असते आणि संगणक ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ पद्धतीने सुरू होतो. सिक्युअर बूटसाठी यूईएफआय हवे आणि यूईएफआयने सुरू होण्यासाठी विंडोजला जीपीटी नोंद हवी. उत्साहाच्या भरात आधी बायोसमध्ये सीएसएम बंद केले की पुढच्या वेळी पडद्यावर ‘बूट होण्याजोगी डिस्क नाही’ एवढेच उमटते. डिस्कवरचा डेटा मात्र सुरक्षित असतो. सीएसएम पुन्हा चालू केले की सगळे पूर्ववत होते. बरोबर क्रम असा : विंडोज १०मधील ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन आधी नुसत्या तपासणीसाठी चालवायचे, त्याने होकार दिला तर रूपांतर करायचे, आणि बायोसला हात त्यानंतर लावायचा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असली तर ते नकार देते. दुसरी खोच ग्राफिक्स कार्डाची. यूईएफआयची ओळख नसलेले जुने कार्ड सीएसएम बंद होताच चित्र देणे थांबवते. पडदा काळा, मदरबोर्डाच्या शिट्ट्या, आणि बायोस दिसत नसल्याने मागे फिरण्याची वाटही बंद. अशा वेळी वीज तोडून मदरबोर्डावरील नाण्यासारखी बॅटरी थोडा वेळ काढून ठेवली की बायोसचे सेटिंग मूळपदावर येते.

नियमाला बगल देऊन विंडोज ११ चढवण्याच्या युक्त्या आहेत आणि त्या चालतातही. मात्र अशा यंत्रांना पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्टने घेतलेली नाही. घरच्या दुय्यम संगणकावर हा जुगार खेळायला हरकत नाही. ज्यावर दुकानाचा हिशेब आहे त्यावर खेळू नये.

असमर्थता : इथे युक्ती चालत नाही. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती प्रोसेसरकडे ‘पॉपसीएनटी’ आणि एसएसई ४.२ या संचातील सूचना मागते. कोअर २ ड्युओमध्ये त्या नाहीत, म्हणून त्यावर ही आवृत्ती सुरूच होत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे आणि ३२-बिट विंडोजवरून ६४-बिटवर अपग्रेड होत नाही, डिस्क कोरी करूनच जावे लागते.

मध्येच मोडणे : खरे निदान इथून सुरू होते. अपग्रेड चार टप्प्यांत चालते. पहिल्यात जुने विंडोज चालू असते आणि सेटअप जागा, प्रोग्रॅम, ड्रायव्हर तपासून फायली उतरवतो. दुसऱ्यात संगणक एका छोट्या, सुरक्षित आवरणात सुरू होतो आणि नवी प्रणाली डिस्कवर मांडली जाते. तिसऱ्यात नवे विंडोज प्रथम उठते आणि ड्रायव्हर बसवते. चौथ्यात वापरकर्त्याचा डेटा व सेटिंग जागेवर येतात. कुठेही गाडे अडले की सेटअप मागे फिरतो आणि जुने विंडोज परत उभे करतो. ‘बदल मागे घेत आहोत’ हा संदेश बघून घाबरून बटण दाबणे हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महाग पडणारा उतावीळपणा आहे. जुन्या हार्ड डिस्कवर ही माघार तासभरही चालते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर हात लावू नये.

माघारीनंतर एक दुहेरी क्रमांक दिसतो. तो वाचता आला की निम्मे काम होते. सुरुवातीचे शून्य-एक्स सोडून दिले तर ‘सी१९००१०१’ हा पहिला भाग फार मोघम आहे. एखाद्या ड्रायव्हरवर संशय आहे, एवढेच तो सांगतो. खरी माहिती मागच्या पाच अंकी भागात असते, आणि त्याचा पहिला अंक म्हणजे टप्पा. ‘२००१७’ असेल तर दुसरा टप्पा : छोटे आवरणच उठू शकले नाही. संशय डिस्क-कंट्रोलर, बायोसची जुनी आवृत्ती, अँटिव्हायरस यांच्यावर घ्यावा. ‘३००१८’ म्हणजे तिसरा टप्पा : नवे विंडोज उठले, पण कोणत्या तरी उपकरणाचा ड्रायव्हर प्रतिसाद देईना. इथे ग्राफिक्स, आवाज आणि वायफायची कार्डे तपासायची. ‘४०००डी’ म्हणजे चौथा टप्पा, डेटा हलवताना आलेली अडचण. याउलट ‘८००७००७०’ हा क्रमांक अगदी सरळ आहे, डिस्कवर जागा नाही. सी ड्राइव्हमध्ये सेटअपने बनवलेल्या लपलेल्या ‘विंडोज.~बीटी’ फोल्डरात, ‘पँथर’ नावाच्या उपफोल्डरात, सविस्तर नोंदवही सापडते. ती माणसाने वाचण्याजोगी नाही; मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे साधन ती वाचून बहुतेक वेळा दोषी ड्रायव्हरचे नाव काढून देते.

‘कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून बाकी सगळे काढा’ हा सल्ला बाळबोध वाटतो, पण त्यामागे हेच टप्पे आहेत. कार्ड-रीडर, वेबकॅम, प्रिंटर, दुसरी हार्ड डिस्क यांपैकी प्रत्येक वस्तू तिसऱ्या टप्प्यात एक ड्रायव्हर मागते. अँटिव्हायरस नुसता बंद ठेवून भागत नाही, पुरता काढावा लागतो. कारण बंद असतानाही त्याचा फिल्टर-ड्रायव्हर फायलींच्या वाटेवर बसलेला असतो.

एक अडथळा मात्र हमखास चकवतो. सी ड्राइव्हमध्ये शंभर जीबी मोकळे असूनही ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अद्ययावत करता आले नाही’ असा संदेश येतो. विंडोज ७ने बनवलेले हे छुपे पार्टिशन अवघे १०० एमबीचे असते आणि काळाच्या ओघात भरून जाते. ते वाढवावे लागते. जीपीटी डिस्कवर मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला उपाय म्हणजे त्या जागेतील बूटच्या फॉन्टचे फोल्डर रिकामे करणे. रोजच्या टायपिंगच्या फॉन्टशी त्याचा काही संबंध नाही.

यंत्राचे जुने आजार : एरवी चालणारा संगणक अपग्रेडमध्येच का मोडतो? कारण रोजच्या वापरात डिस्कचे ठरावीक भागच वाचले जातात, तर अपग्रेड हजारो फायली उचलते आणि पुन्हा मांडते. वर्षानुवर्षे कुणी न वाचलेला खराब सेक्टर तेव्हा पहिल्यांदा समोर येतो. म्हणून आधी डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद पाहावी. क्रमांक ५ (बदललेले सेक्टर) आणि १९७ (संशयित सेक्टर) वाढत असतील तर डिस्कच बदलायची. फक्त १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. अत्यंत स्वस्त अशा या तारेपायी धडधाकट डिस्क भंगारात गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. डिस्क बदलायचीच झाली तर साटा एसएसडी घ्यावी आणि जुनी डिस्क तिच्यावर क्लोन करून मग अपग्रेड करावे. दहा वर्षांच्या डेस्कटॉपला याहून गुणकारी दुसरा खर्च नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासावे. पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने घासून पुन्हा बसवण्याचा आपल्याकडच्या मेकॅनिकांचा उपाय हास्यास्पद वाटला तरी गंज किंवा मळ असल्यास लागू पडतो. मदरबोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि अद्यतनाचा सर्व्हरशी संपर्कच होत नाही. लोक इंटरनेटवाल्याला दोष देत बसतात. एसएमपीएस कमकुवत असेल किंवा कपॅसिटर फुगलेले असतील तर संगणक भाराखाली आपोआप रीस्टार्ट होतो, आणि सेटअप त्याला ड्रायव्हरचा दोष समजतो. यूपीएसची बॅटरी दोन मिनिटेही तग धरत नसेल तर ती आधी बदलावी.

बॅकअप : माघार घेण्याची सोय असताना बॅकअप कशाला, याचे उत्तर ऑक्टोबर २०१८मध्ये मिळाले. विंडोज १०ची १८०९ आवृत्ती काही जणांच्या फायली पुसत असल्याचे उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टला तिचे वितरण थांबवावे लागले, आणि ती नोव्हेंबरमध्ये दुरुस्त होऊन परत आली. ज्यांचे फोल्डर मूळ जागेवरून दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेले होते त्यांना फटका बसला. म्हणजे नेमके ते, ज्यांनी डेटा सी ड्राइव्हबाहेर ठेवण्याची काळजी घेतली होती.

मराठी काम करणारी यंत्रे : डीटीपी केंद्रांत विंडोज ७ किंवा एक्सपीसुद्धा टिकून राहण्यामागे आळस नाही. पेजमेकर, जुनी श्रीलिपी किंवा आयएसएम, आणि त्यांचे प्रिंटर पोर्टात खोवलेले डोंगल ही साखळी ३२-बिट विंडोजवर चालते. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही आणि स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही, त्यामुळे डोंगल ओळखलेच जात नाही. अशा ठिकाणी जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून तसेच ठेवणे आणि नव्यावर युनिकोडमध्ये काम सुरू करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. कोरे विंडोज टाकायचे असेल तर ‘शिवाजी’सारखे जुने फॉन्ट आधी उतरवून ठेवावेत, ते नसले की वर्षानुवर्षांचा मजकूर रोमन अक्षरांच्या गिचमिडीत उघडतो.

युनिकोडमध्येही एक बारीक फरक पडतो. विंडोज १०पासून ‘मंगल’ हा फॉन्ट मूळ संचात नाही, तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांत गेला आहे. कोऱ्या विंडोजवर मंगलमधील जुने पत्र उघडले तर त्याऐवजी निर्मला फॉन्ट येतो, ओळी वेगळ्या तुटतात आणि एका पानाचा अर्ज दुसऱ्या पानावर सरकतो. सेटिंगमधील ‘ऐच्छिक सुविधा’ या भागातून देवनागरी पूरक फॉन्ट उतरवले की मांडणी जागेवर येते.

अपग्रेडनंतर : जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरात राहते आणि १० दिवसांपर्यंत परत फिरता येते; डिस्क साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने ते फोल्डर आधीच उडवले तर ही सोय जाते. जे यंत्र नियमात बसत नाही त्यासाठी विंडोज १०ची वाढीव सुरक्षा-अद्यतने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत देऊ केलेली आहेत. लिनक्स मिंट, डेबियन किंवा सी-डॅकचे बॉस हे लिनक्सचे पर्याय ६४-बिट यंत्रांवर चांगले चालतात. ३२-बिट प्रोसेसरांना मात्र तिथेही जागा अपुरी पडू लागली आहे : ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर बंद केला.