शैवल-गाळणी
प्रवाळ-मत्स्यालयातील नायट्रेट व फॉस्फेट शैवलांकरवी काढून टाकण्याची पद्धत. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांतून साचणारी ही पोषकद्रव्ये कीटोमॉर्फासारखी शैवले प्रकाशात शोषून वाढतात. मात्र वाढलेले शैवल वेळोवेळी काढले तरच ती टाकीबाहेर जातात, एरवी शैवल कुजून पाण्यात परततात. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी अशा गाळणीचे पेटंट १९८२ मध्ये मिळवले. पाणी बदलणे पुरेसे आहे, हा आक्षेप लहान टाकीपुरता रास्त आहे. परंतु छत्रपती संभाजीनगरसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या, जायकवाडीच्या पाण्यावर विसंबणाऱ्या शहरात प्रत्येक बदलासाठी शुद्ध पाणी व कृत्रिम समुद्री मीठ लागते. शैवलांमुळे पाण्यात येणारी पिवळसर छटा सक्रिय कोळशाने जाते. कॅल्शियमची भरपाई मात्र शैवल करत नाही. त्यामुळे ही गाळणी पाणीबदल कमी करते, पूर्णपणे टाळत नाही.