दहा वर्षं मागच्या रांगेत

आजचा आपला माणूस दहा वर्षं पडद्यावर होता, पण कुणाच्या लक्षातच आला नाही. चिशू र्‍यू.

जन्म १९०४, जपानमधल्या कुमामोतोचा. वडील बौद्ध मंदिराचे पुजारी. त्याने त्यांची गादी चालवावी ही घरच्यांची इच्छा. कॉलेजात विषय होता, ऐका हं, भारतीय तत्त्वज्ञान! पण १९२५ मध्ये पठ्ठ्या ते सोडून शोचिकू कंपनीच्या कामाता स्टुडिओत शिरला. वडील वारले तेव्हा घरी परतून पुजारी झालाही. पण सहाएक महिन्यांत गादी मोठ्या भावाला देऊन पुन्हा स्टुडिओत. काम काय, तर किरकोळ भूमिका. बऱ्याचदा टायटल्समध्ये नावही नाही. त्यात बोलण्यात गावाकडचा हेल!

मग १९३६. यासुजिरो ओझूचा पहिला बोलका कथापट, 'द ओन्ली सन'. ३२ वर्षांच्या र्‍यूने त्यात परिस्थितीने हरलेला प्रौढ मास्तर केला, टोकियोत पोर्क कटलेट तळणारा. लोकांनी तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलं. १९५३ च्या 'टोकियो स्टोरी'त तो सत्तरीचा बाप झाला. खरं वय? ४९. थोरला मुलगा झालेला सो यामामुरा त्याच्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान!

माझं एक प्रमोशन हुकलं तरी मी रेझ्युमे उघडून बसतो. र्‍यूची ती दहा वर्षं वाया गेली का? 'टोकियो स्टोरी'त तो नुसता बसलेला असतो ना, ते बघा. मला वाटतं, ते बसणं तो मागच्या रांगेतच शिकला.