एका युक्तीचे बारसे

मुलाचे बारसे बाराव्या दिवशी होते. ज्या युक्तीची हकीकत येथे सांगावयाची आहे तिच्या बारशाला सत्तेचाळीस वर्षे लागली. ती छापून आली १९६० साली आणि तिला घरचे म्हणावे असे नाव मिळाले २००७ साली. मधल्या काळात ती असंख्य यंत्रांच्या पोटात निनावी वावरत होती. जाणत्याला ओळख देई, अजाणत्याला चकवी. हा इतिहास संगणकाचा आहे हे खरे. पण तेवढ्यासाठी पान उलटण्याचे कारण नाही. ओटीवर आठ पणत्या मांडता येत असल्या म्हणजे त्याला लागणारे सारे गणित आले.

तर पणत्या मांडू. एका ओळीत आठ. उजव्या टोकाच्या पणतीची किंमत १, तिच्या शेजारची २, मग ४, ८, १६ अशी दर वेळी दुप्पट. डाव्या टोकाची १२८. जेवढ्या पेटलेल्या असतील त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे त्या ओळीचा आकडा. ५ दाखवायचे तर ४ ची आणि १ ची पेटवावयाची, बाकीच्या विझलेल्या. पूर्वीचा वाणी शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव अशी निमपटीने उतरत जाणारी वजने तागडीत टाकून हवे ते तोलून देत असे. त्यातलाच हा प्रकार. यंत्रातल्या पणतीला बिट म्हणतात. यंत्राला दुसरे काही येत नाही; पेटली किंवा विझली, एवढेच त्याला कळते.

आता प्रश्न असा की, दिलेला आकडा दोनाचा घात आहे की नाही, म्हणजे २, ४, ८, १६ या वंशातला आहे की नाही, हे ओळखावयाचे कसे? आपण ओळीकडे पाहून सांगू, की एकच पणती पेटलेली असेल तर आहे. यंत्राला डोळे नाहीत. त्याच्यासाठी युक्ती अशी: आकड्यातून १ वजा करावा, दोन्ही ओळी एकीखाली एक मांडाव्या आणि दोन्हींत एकाच जागी पेटलेली अशी पणती सापडते का ते पाहावे. ८ मध्ये फक्त चौथी पेटलेली. ७ मध्ये पहिल्या तीन. सामाईक एकही नाही, ८ उत्तीर्ण. ६ मध्ये दुसरी आणि तिसरी. ५ मध्ये पहिली आणि तिसरी. तिसरी दोन्हीकडे सापडली, ६ अनुत्तीर्ण. वाचकांनी स्वतः १२ आणि १६ घेऊन पाहावे. मुलांना तर हा खेळ फारच आवडेल.

१ वजा करून सामाईक तेवढे ठेवण्यात खरी मेख अशी की, ओळीतली सर्वांत उजवीकडची पेटलेली पणती नेमकी विझते आणि बाकीच्या जशाच्या तशा राहतात. पीटर वेग्नर यांनी १९६० साली अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकात लिहिलेल्या छोट्या टिपणात हीच क्रिया पणत्या मोजण्यासाठी वापरली: एकेक विझवीत जायचे आणि सगळा अंधार होईपर्यंत किती वेळा विझवली ते मोजायचे. गणिती डी. एच. लेमर यांना तीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली आणि १९६४ च्या एका ग्रंथात ती आली. पुढे ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांनी ‘सी’ भाषेवरील आपल्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत ती विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून सोडवायला दिली. परिणामी विद्यार्थी तिला कर्निहनची रीत म्हणू लागले! श्रेय असे पुष्कळदा पाठ्यपुस्तकाच्याच पदरात पडते.

अशा युक्त्या त्या काळी का लागत, हे समजण्यासाठी त्या काळची यंत्रे पाहिली पाहिजेत. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी १९६९ साली युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचली ती पीडीपी-७ या यंत्रावर. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणाला किती जागा द्यायची, कोणाची पाळी केव्हा, हे ती ठरवते. या कारभाऱ्याला मिळालेली स्मृती होती ८,१९२ शब्दांची, आणि एकेक शब्द १८ बिटांचा. सगळ्या पणत्या मिळून १,४७,४५६. आज खिशातल्या फोनने काढलेला दिवाळीच्या फराळाचा एक फोटोदेखील त्या घरात मावणार नाही. अशा ठिकाणी दोन ओळींचे काम एका ओळीत होत असेल तर ती काटकसर होती. तिला दिमाख म्हणणे अन्यायाचे होईल.

दिमाख मुळीच नव्हता असे मात्र नाही. मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत फेब्रुवारी १९७२ मध्ये अशा करामतींची एक वहीच तयार झाली. तिचे नाव ‘हॅकमेम’. हे विचित्र नाव पडले ते तिथल्या यंत्रावर फाइलीच्या नावाला सहाच अक्षरांची मुभा होती म्हणून. तिच्यातल्या १६९ व्या कलमात ३६ पणत्यांच्या ओळीतल्या पेटलेल्या पणत्या मोजण्याची एक तऱ्हा आहे. तिचा शेवट ६३ ने भागून उरलेल्या बाकीत होतो. ती प्रथम वाचताना जादूच्या प्रयोगाला बसल्यासारखे वाटते. प्रयोग झाल्यावर रुमालातून कबूतर कसे निघाले हे कोणी सांगत नाही, आणि या वहीचीही तीच रीत आहे.

१९७३ साली युनिक्स ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली आणि कारभाऱ्याची चोपडी माणसाला वाचता येईल अशी झाली. तरीही १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत एका अवघड जागी, हे तुम्हांला समजावे अशी अपेक्षा नाही, अशा अर्थाचा शेरा मारलेला होता. तो शेरा पुढे फार गाजला. रिची यांनी नंतर खुलासा केला की, परीक्षेत हे येणार नाही एवढाच त्याचा भाव होता; आणि खरी अडचण अशी की, तिथे काय चालले आहे हे आम्हांलाही नीट कळले नव्हते. एवढ्या मोकळेपणाने बोलणारे पंडित विरळाच.

१९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स सुरू केली. तेव्हा तिच्या सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज त्या तीन कोटींच्या वर गेल्या आहेत, आणि अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनात तिचाच गाभा आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येकीत हजाराहून अधिक माणसांचा हात लागतो. येथे काटकसरीचा अर्थच पालटला. जागा मुबलक झाली, महाग झाले ते वाचणाऱ्याचे लक्ष. लिहिणारा एकदा लिहितो. त्याच्या मागून येणारे शेकडो लोक तीच ओळ वाचून, तिच्यावर विसंबून, तिच्या शेजारी आपली ओळ लिहितात.

आणि आपल्या युक्तीत एक खोट होती. शून्य घ्या. शून्याच्या ओळीत एकही पणती पेटलेली नाही; म्हणजे दुसऱ्या कोणत्याही ओळीशी सामाईक काही सापडणारच नाही. म्हणजे शून्य उत्तीर्ण! पण शून्य हा दोनाचा घात नव्हे. कागदावर ही चूक क्षुल्लक दिसते. कारभारात ती घर बुडवते. कसे ते पाहा. गाभ्यात ठिकठिकाणी रहाटगाडग्यासारखी रचना असते. सोळा गाडगी, सतरावी वस्तू आली की ती पुन्हा पहिल्या गाडग्यात. कोणते गाडगे, हे काढण्यासाठी गाडग्यांच्या संख्येतून १ वजा करून, त्या आकड्यात पेटलेल्या जागांपुरताच अनुक्रम ठेवतात, म्हणजे तो सोळाच्या बाहेर जाऊच शकत नाही. हा हिशेब संख्या दोनाचा घात असेल तरच जमतो. म्हणूनच आधी परीक्षा. आता गाडग्यांची संख्या चुकून शून्य आली आणि परीक्षेने ती पास केली तर? शून्यातून १ वजा केला की यंत्रात साऱ्याच पणत्या पेटतात. मग अडवणारे काहीच उरले नाही. अनुक्रम जाईल तिथे पाणी ओतले जाणार, शेजाऱ्याच्या माजघरातसुद्धा. दुसऱ्याच्या स्मृतीत असा बेलगाम शिरकाव होणे ही घातपात्याला आयती मिळालेली खिडकीच.

२००७ च्या आरंभी लिनक्समध्ये या परीक्षेला एक छोटे मदतनीस फंक्शन मिळाले. फंक्शन म्हणजे नाव देऊन बाजूला ठेवलेली कृती. नाव घेतले की काम होते. नाव ठेवले ‘इज पॉवर ऑफ टू’, म्हणजे ‘हा दोनाचा घात आहे काय?’ आत तीच जुनी युक्ती, पण तिच्या आधी एक अट: आकडा शून्य नसावा. पुढल्या महिन्यांत आणि वर्षांत, जिथे जिथे उघडी युक्ती होती तिथे तिथे हे नाव लिहिण्याचे काम अनेकांनी केले. काम कंटाळवाणे, पण यांत्रिक नव्हे. प्रत्येक जागी थांबून विचारावे लागे की, येथे शून्य चालते म्हणून मूळ लेखकाने ते येऊ दिले, की ते त्याच्या ध्यानातच आले नाही? उघडी युक्ती या प्रश्नाला मुकी होती. लिहिणाऱ्याचा हेतू तिच्यातून वाचता येत नव्हता. नाव दिल्याने तो प्रश्न निदान विचारला गेला, आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगाची मिळकत हीच मोठी. वेगाचे म्हणाल तर काडीचे नुकसान नाही. आजचे भाषांतरकार प्रोग्रॅम, ज्यांना कंपायलर म्हणतात, ते फंक्शनची कृती जागच्या जागी विरघळवून टाकतात.

नावाचा दुसरा फायदा पणत्या मोजण्याच्या कामात दिसला. लिनक्समध्ये त्या कामाचे फंक्शन ‘एचवेट’ या नावाने होते; बेल प्रयोगशाळेतील गणिती रिचर्ड हॅमिंग यांच्या नावावरून हे नाव आले. २००७-०८ च्या सुमारास एएमडी आणि इंटेल यांच्या प्रोसेसरांत पणत्या मोजण्याची आज्ञा जन्मजातच येऊ लागली. २०१० मध्ये लिनक्सने या जातीच्या यंत्रांसाठी ‘एचवेट’च्या पोटातली कृती बदलली: यंत्र सुरू होताना ती आज्ञा आहे का पाहायचे, असली तर तीच वापरायची. ‘एचवेट’ म्हणणाऱ्यांना आपल्या एका ओळीलाही हात लावावा लागला नाही. तीच कृती शंभर ठिकाणी उघडी लिहिलेली असती, तर शंभर ठिकाणी जावे लागले असते.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की, नाव दिले म्हणजे सगळे साधले. तसे नाही. ‘जेनमास्क’ नावाचा एक मदतनीस आहे: अमुक पणतीपासून तमुक पणतीपर्यंत सगळ्या पेटव. पण आधी मोठा क्रमांक सांगायचा की लहान? नियम असा की मोठा आधी. आणि तो नावात कुठेच नाही. २०१९ मध्ये अनेक ठिकाणी क्रम उलटा दिलेला सापडला. यंत्र तक्रार न करता चुकीच्या पणत्या पेटवीत होते. अखेर २०२० मध्ये अशी उलटापालट कंपायलरनेच अडवावी अशी सोय करण्यात आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये तर याच मुद्द्यावर चकमक झडली. ‘रिस्क-फाइव्ह’ जातीच्या प्रोसेसरांसाठी आलेल्या भरण्यात एक नवा मदतनीस होता: दोन सोळा-बिटी आकड्यांचा एक बत्तीस-बिटी आकडा करणारा. नावही तसेच लांबलचक, अर्थ जसाच्या तसा सांगणारे. टोरवाल्ड्स यांनी तो भरणा अतिशय कडक शब्दांत परत पाठवला. तो उशिरा आला होता हे एक कारण. पण राग या मदतनिसावर. त्यांचे म्हणणे असे: पहिला आकडा सोळा घरे डावीकडे सरकव आणि त्यात दुसरा मिळव, असे उघडे लिहिले तर कोणता आकडा वरच्या घरात बसला हे वाचणाऱ्याला तत्काळ दिसते. हे नाव वाचून ते कळत नाही. उलट जे दिसत होते तेही झाकले जाते. शब्द जरा सौम्य चालले असते असे मला वाटते, मुद्दा मात्र बिनतोड आहे. ‘इज पॉवर ऑफ टू’ हे नाव वाचणाऱ्याच्या मनातल्या शंकेला उत्तर देते. हे नवे नाव शंका उत्पन्न करते.

हा त्यांचा जुनाच पक्ष. युनिक्सच्या घराण्यात फाइलीचे हक्क तीन-तीन पणत्यांनी मांडतात: वाचण्याची ४, लिहिण्याची २, चालवण्याची १, आणि असे तीन गट, मालकाचा, त्याच्या मंडळाचा आणि इतरांचा. म्हणून ६४४ म्हणजे मालकाने वाचावे-लिहावे, बाकीच्यांनी नुसते वाचावे. तीन पणत्यांचा एक अंक ही सवय १८ बिटांच्या शब्दाच्या जमान्यातली. पुढे या हक्कांना लांब इंग्रजी आद्याक्षरांची नावे देण्यात आली. २०१६ मध्ये टोरवाल्ड्स यांनी सांगितले की, ती नावे वाचायला भयंकर आहेत आणि आकडेच सरळ कळतात. तेव्हापासून लिनक्ससाठी आलेला मजकूर तपासणारा प्रोग्रॅम, कोणी ती नावे वापरली की त्याला टोकतो आणि त्या जागी शून्य, सहा, चार, चार असे अंकच लिहा म्हणून सुचवतो.