गळ, दंतचक्र आणि रानवाट

इझाक वॉल्टन यांचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. छंद म्हणून गळाने मासे धरणे, कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, त्याविषयीच्या इंग्रजी लेखनात या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. गंमत अशी, की तो नदीकाठी सुरू होत नाही. लंडनच्या उत्तरेकडे पायी निघालेल्या वाटसरूंच्या संवादापासून त्याचा प्रारंभ होतो. या छंदाला चिंतनशील माणसाचे मनोरंजन मानणाऱ्या वॉल्टनला पाण्यापर्यंतची चालही त्या चिंतनाचाच भाग वाटली असावी. गरवणे आणि चालणे यांचे हे नाते पुढे सुमारे तीनशे वर्षे टिकले. अमेरिकेच्या डोंगराळ भागात ते कसे सैलावले आणि नंतर कायद्याने ते काही ठिकाणी पुन्हा कसे बांधून घातले, हा इतिहास आम्हाला साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगा वाटतो.

होंडा कंपनीने १९५८ साली जपानमध्ये ‘सुपर कब’ ही पन्नास सीसीची छोटी गाडी आणली आणि १९५९ साली लॉस एंजेलिस येथे आपली अमेरिकी शाखा उघडली. गाडी शहरी रस्त्यांसाठी होती. परंतु विक्रीचे आकडे पाहताना शाखेचे अधिकारी जॅक मॅकॉर्मॅक यांच्या ध्यानात आले, की आयडाहो राज्यातील बॉइझी या गावचा एक विक्रेता लॉस एंजेलिसच्या सर्व विक्रेत्यांहून अधिक गाड्या खपवत आहे. त्या विक्रेत्याचे नाव हर्ब उल. त्याने मागच्या चाकाला मोठे दंतचक्र बसवले होते आणि खडबडीत नक्षीचे टायर चढवले होते. दंतचक्र मोठे झाले की वेग घटतो, पण चढावर ओढण्याची ताकद वाढते. शिकारी आणि गरवणारे ही गाडी रानवाटांसाठी नेत होते. ही कल्पना कंपनीने उचलली आणि १९६१ साली ‘ट्रेल ५०’ बाजारात आली. तिला रस्त्यासाठी लहान आणि डोंगरासाठी मोठे अशी दोन दंतचक्रे होती. वाट बदलली की खाली उतरून साखळी एकावरून दुसऱ्यावर चढवायची.

याच सुमारास इतरत्रही असे प्रयोग चालू होते. युटातील ‘टोट गोट’ ही जाड टायरांची गाडी शिकारीच्या गरजेतून जन्मली. ‘रोकॉन’ कंपनीच्या ‘ट्रेल-ब्रेकर’मध्ये दोन्ही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते. पोकळ चाकांत इंधन किंवा पाणी साठवता येते, आणि ती रिकामी असली तर गाडी पाण्यावर तरंगते. ज्याला ओढे ओलांडत वरच्या तळ्याशी पोहोचायचे आहे, त्याच्या गरजा या रचनेत स्पष्ट वाचता येतात.

या गाड्यांकडे केवळ उपद्रव म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. दूरच्या ओढ्यापर्यंत जायचे तर घोडे, खेचरे आणि वाटाड्या हवा, आणि त्यासाठी पदरी पैसा हवा. नाहीतर पायांत बळ आणि हाताशी सलग रजा हवी. तीनशे डॉलरच्या आत मिळणाऱ्या गाडीने ही अट सैल केली. आठवड्याचे पाच दिवस कारखान्यात घालवणारा मनुष्य शनिवारी मागच्या कॅरिअरला गळाची काठी बांधून संध्याकाळपर्यंत तळे गाठू शकला. एकांतावर त्याचाही हक्क होताच.

अडचण नदीच्या तळाशी होती. ट्राउटची मादी वाहत्या पाण्यातील वाळूगोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि ती पुन्हा गोट्यांनी झाकते. गोट्यांच्या फटींतून थंड पाणी वाहत राहिले, तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. वारंवार गाडी गेल्याने वाटेवर चाकोरी पडते, पावसाचे पाणी तिच्यातून धावते आणि बारीक माती ओढ्यात उतरते. या गाळाने फटी बुजल्या की अंडी गुदमरतात. गाळाचा सर्वांत मोठा दोष दुचाकीचा नव्हता, हेही नोंदवायला हवे. आयडाहोतीलच सॅमन नदीच्या दक्षिण शाखेत लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून इतकी माती वाहून आली, की १९६५ साली तेथील तोड थांबवावी लागली. परंतु ट्रकने केले ते पैशासाठी, आणि दुचाकीने केले ते माशाच्या ओढीने. हा विरोधाभास आम्हाला अधिक अस्वस्थ करतो.

३ सप्टेंबर १९६४ रोजी अमेरिकेत ‘वाइल्डरनेस अ‍ॅक्ट’ संमत झाला आणि सुमारे ९१ लाख एकर रान मोटारवाहनांना बंद झाले. सिनेटमध्ये हे विधेयक लावून धरणाऱ्यांत अग्रणी होते फ्रँक चर्च, आणि ते बॉइझीचेच. एकाच गावाने रानवाटेची गाडीही दिली आणि तिला अडवणाऱ्या कायद्याचा पुरस्कर्ताही. कायद्याबाहेरच्या सरकारी जमिनींचा प्रश्न शिल्लक होता. अशा वाहनांची देशातील संख्या ५० लाखांच्या घरात गेल्याचे नमूद करून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी १९७२ साली आदेश काढला, की कोणत्या वाटा खुल्या आणि कोणत्या बंद हे ठरवताना माती, पाणलोट आणि वन्यजीव यांची हानी कमीत कमी व्हावी.

त्याच दशकात मोंटानाशी निगडित दोन गाजलेली पुस्तके आली. रॉबर्ट पिर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ १९७४ साली, आणि नॉर्मन मॅक्लीन यांचे ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ १९७६ साली. एकात मोटरसायकल चिंतनाचे साधन होते, दुसऱ्यात गळ. काठी बांधून गाडीवर निघालेला तो शनिवारचा मनुष्य मात्र दोन्हींत नाही. ज्या दोन गोष्टी त्याने आपल्या कॅरिअरवर एकत्र आणल्या, त्या साहित्यात वेगवेगळ्याच राहिल्या. त्याची नोंद आपल्याला दंतचक्राच्या दातांत आणि कायद्याच्या कलमांत शोधावी लागते.

आज राखीव रानाच्या सीमेवर पोहोचलेल्या गरवणाऱ्याला गाडी उभी करून पुढची वाट पायीच चालावी लागते. कष्ट वाचवणाऱ्या यंत्राने त्याला तेथवर आणले, आणि जे जपायचे ते उरलेल्या अंतरामुळे जपले जाते. वॉल्टनचे वाटसरू आपखुशीने चालत होते. चालण्याचे मोल कळायला त्यांच्या वारसदारांना मात्र कायद्याची गरज पडली.