लोकनायक बापूजी अणे : राज्यपालपदाच्या अलीकडे व पलीकडे

थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकांतून छापली जातात ती बहुधा त्यांनी भूषविलेल्या पदांच्या याद्याच असतात. लोकनायक माधव श्रीहरि अणे यांच्याविषयी अशी यादी करणे फार सोपे आहे. मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद, काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, सिलोनमधील हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी, बिहारचे राज्यपाल, लोकसभेचे सभासद! परंतु या यादीतील दोन पदे एकमेकांशेजारी बसावयास तयार नाहीत. ज्या काँग्रेसचे ते १९३३ साली हंगामी अध्यक्ष होते, तीच काँग्रेस तुरुंगात असता १९४२ साली ते सरकारच्या मंडळात होते. हे कोडे बाजूस ठेवून बापूजींचे चरित्र सांगता येणार नाही, आणि तसे ते सांगूही नये असे आम्हांस वाटते.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वऱ्हाडातील वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, पुढे काही काळ अमरावतीस शिक्षकी आणि नंतर यवतमाळास वकिली, असा त्यांचा पूर्वक्रम आहे. लोकमान्य टिळक हे त्यांचे राजकारणातील गुरु, आणि हे गुरुत्व त्यांनी अखेरपर्यंत मानले. लोकमान्यांच्या निधनानंतर गांधीयुग आले तेव्हा टिळकांच्या अनुयायांपुढे जो पेच पडला, तो बापूजींपुढेही पडला. कायदेमंडळात शिरून मिळेल तेवढी सत्ता राबवावी की तिकडे पाठ फिरवावी? जयकर, केळकर, मुंजे यांच्या प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात बापूजी होते. १९२८ सालच्या नेहरू समितीच्या अहवालावर त्यांची सही आहे; त्याच साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रतियोगी म्हणजे मवाळ, असे पुष्कळांस वाटते. बापूजींनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. वऱ्हाडास समुद्र नाही म्हणून मिठाचा सत्याग्रह तेथे तितका अर्थपूर्ण नव्हता. जंगलाचे निर्बंध मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या गुराढोरांशी निगडित होते. लोकांच्या खऱ्या अडचणीवर बोट ठेवणारी ही दृष्टी वकिलाची होती, आणि पुढाऱ्याचीही.

मे १९३३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला, तेव्हा हंगामी अध्यक्ष या नात्याने कायदेभंग तहकूब केल्याचे बापूजींनी जाहीर केले. पुढल्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसने ना स्वीकार ना धिक्कार असे धोरण घेतले. ते त्यांस व पंडित मालवीयांस मानवले नाही. दोघांनी मिळून काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला.

आता त्या कोड्याकडे वळू. १९४१ च्या जुलैत व्हाइसरॉयचे मंडळ वाढविण्यात आले व बापूजींकडे परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आले. ब्रह्मदेश पडल्यावर पायी येणाऱ्या हजारो निर्वासितांचा प्रश्न याच खात्याचा होता, म्हणजे काम नाममात्र नव्हते. परंतु ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, आणि बापूजी मंडळात राहिले. वणीच्या शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर येथे १६ ऑगस्टला उठाव झाला व त्यानंतर सैनिक व पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. नोव्हेंबरात सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी दिल्लीस बापूजींकडे गेले व चौकशीची मागणी करून त्यांच्याच घरी उपवासास बसले. पोलिसांनी त्यांस तेथून हलविले. पुढे भणसाळींचा उपवास त्रेसष्ट दिवस चालून १२ जानेवारी १९४३ ला सुटला.

ज्याच्या दारी आपल्याच मुलखाचे दुःख घेऊन उपाशी माणूस बसतो, त्या गृहस्थास रात्री झोप लागली असेल काय? आम्ही बापूजींचा कैवार घेण्यास बसलो नाही. त्या वेळी त्यांनी राजीनामा द्यावयास हवा होता, असे आमचे मत आहे. राजीनामा आला तो चिमूरसाठी नव्हे. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला, सरकारने त्यांस बिनशर्त सोडण्याचे नाकारले, तेव्हा १७ फेब्रुवारीस होमी मोदी, नलिनीरंजन सरकार व बापूजी अणे हे तिघे मंडळातून बाहेर पडले. उशीर झाला हे खरे; पण पद टाकले हेही तितकेच खरे. मंडळातील इतर हिंदी सभासद राहिलेच होते, हे टीकाकार सोयिस्कर रीतीने विसरतात.

त्याच साली ते सिलोनास गेले व १९४७ पर्यंत तेथे राहिले. परतल्यावर घटना समितीत दक्षिणी संस्थानांचे प्रतिनिधित्व थोडा काळ केले, आणि १२ जानेवारी १९४८ रोजी बिहारचे गव्हर्नर झाले. अठराच दिवसांनी गांधीजींची हत्या झाली. राज्यपाल म्हणजे सहीचा धनी, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि त्या चार वर्षांत पाटण्यास घडलेल्या गोष्टी लहान नव्हत्या. मे १९४८ मध्ये सराईकेला व खरसावाँ ही संस्थाने बिहारात आली. जमीनदारी नष्ट करणारा कायदा श्रीकृष्ण सिंह यांच्या मंत्रिमंडळाने केला, त्यास सप्टेंबर १९५० मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने तो रद्द ठरविला, आणि त्यातूनच राज्यघटनेची पहिली दुरुस्ती निघाली. गव्हर्नराच्या आसनावर बापूजी आले तेव्हा १९३५ चा कायदा फेरफारांसह चालू होता. १४ जून १९५२ ला ते उतरले तेव्हा प्रजासत्ताकाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आटोपलेली होती. आयुष्यभर कायदेमंडळात वाद घातलेल्या माणसास या आसनावर मौन पाळावे लागले. ते त्यांनी पाळले.

मौन सुटले ते विदर्भासाठी. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती मानली गेली नाही. १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपूरने बापूजींस लोकसभेवर पाठविले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तरी त्यांचे मत बदलले नाही, आणि १९६२ साली अपक्ष म्हणून ते पुन्हा निवडून आले. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी रक्त सांडले त्यांस हे कडू वाटले असणारच. आमच्या वाचकांतही दोन्ही मतांचे लोक आहेत.

२६ जानेवारी १९६८ रोजी बापूजी वारले. त्याच वर्षी त्यांचे नाव पद्मविभूषणाच्या यादीत होते. लोकमान्यांचे चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत रचले होते. ते 'श्रीतिलकयशोऽर्णव' हे तीन खंडांचे महाकाव्य त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले व १९७३ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.